गॅलरीचा करार आलाय, सही करू का? (मुक्काम हरिपूर रस्ता, सांगली)

हळद्या

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

गेली बावीस वर्षं चित्रं काढतोय. घर त्यावरच चालतं, शिवाय आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना शिकवतो. आजवर चौदा प्रदर्शनं झाली. पहिलं सांगलीतच एका मंगल कार्यालयात. त्या आठवड्यात लग्नाची तिथी नव्हती म्हणून मालकांनी तीन दिवस हॉल फुकट दिला. पुढे कोल्हापूरला शाहू स्मारकात चारदा, पुण्याला बालगंधर्वच्या कलादालनात तीनदा, बाकी सांगली, मिरज, कऱ्हाड आणि एकदा मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत. जहांगीरचा अर्ज भरला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, नंबर लागला तेव्हा तिसरीत.

मधल्या माणसामार्फत आजवर एकही चित्र विकलं नाही. लोक घरी येतात, चहा होतो, चित्र बघतात, कधी नेतात, कधी नाही. गेलेलं प्रत्येक चित्र एका वहीत लिहितो: माप, माध्यम, कोणी नेलं, कुठल्या भिंतीवर लावलं. २०१९ च्या पुरात माळ्यावर न मावलेली एकतीस चित्रं गेली. वही मात्र बायकोने सगळ्यात आधी उचलली होती. पाणी ओसरल्यावर त्या वहीवरूनच घरोघर जाऊन जुन्या चित्रांचे फोटो काढून आणले, नाहीतर माझ्या पहिल्या दहा वर्षांचं काहीच उरलं नसतं.

आता मुद्दा. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर चार वर्षं काम करतोय. जमिनीखालची ती कोठारं, तोंडावरची माती, दोर, खालून वर येणारा पिवळा उजेड. ती चित्रं बघून मुंबईच्या एका गॅलरीने करार पाठवलाय. तीन वर्षं, वर्षाला बारा मोठे कॅनव्हास, सगळे पेवांचेच. निम्मा वाटा त्यांचा. तोवर मी कुठेही परस्पर विकायचं नाही, घरूनसुद्धा नाही. चित्र कोणी घेतलं ते मला सांगणार नाहीत. किंमत माझ्या आजच्या भावाच्या सहापट लावणार आहेत.

मुलगी बारावीला आहे. पैशाची गरज आहे, लपवत नाही. काय करू?

फ्रेमवाला

डोळे झाकून सही करा. सहापटीचा निम्मा म्हणजे तिप्पट. गणित सरळ आहे.

कऱ्हाडची चित्रकलाताई

गणित एवढं सरळ नाही हो, फ्रेमवाले दादा. आत्ता ते पोर्ट्रेट काढतात, घाट काढतात, हवं ते विकतात. करारानंतर फक्त छत्तीस पेवं. सदतिसावं चित्र दुसऱ्या कशाचं काढलं तर ते घरात पालथं घालून ठेवायचं.

माझी हकिगत सांगते. मी ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) करून शाळेत लागले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना अठ्ठावीस वर्षं स्थिरचित्र आणि निसर्गचित्र शिकवलं. माझी स्वतःची चित्रं मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत व्हायची. प्रदर्शनं पाच केली, सगळी पगारातून साठवून. एकाही प्रदर्शनात खर्च निघाला नाही. पण आज काय काढू हे मी कधी कोणाला विचारलं नाही. काही वर्षं नुसत्या रिकाम्या वर्गखोल्या काढल्या. त्यातलं एकही विकलं गेलं नाही, आणि तीच माझी सगळ्यात चांगली चित्रं आहेत, हे मी आज निवृत्त झाल्यावर छातीठोक सांगते.

टर्पेंटाईन

ताई, आदर ठेवून म्हणतो, पण त्याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं? तो छंद झाला. चित्रकाराने चित्रावर जगलं पाहिजे. पगार शाळेचा आणि चित्रं सुट्टीत, म्हणजे बाजाराशी गाठच पडली नाही. जिथे उतरलोच नाही तिथे हरलो नाही म्हणण्यासारखं आहे.

कऱ्हाडची चित्रकलाताई

मग प्रभाकर बरवे काय छंद म्हणून चित्रं काढत होते? ते कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, त्यातली काही बनारसला. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. के. एच. आरांनी लोकांच्या घरी घरगडी म्हणून काम केलं. पोट कुठून भरतं यावरून चित्राची जात ठरवू नका, भाऊ.

टर्पेंटाईन

मान्य. आरांचं लक्षात आलं नाही. शब्द मागे घेतो.

मिरजेचा तंबोरा

ही दोघं भांडली की वाचायला मजा येते, आणि शेवटी एकजण मागे हटतो हे त्याहून छान. हळद्याभाऊ, एक विचारू का? पेवांच्या चित्रांत खरी हळद वापरता का?

हळद्या

सुरुवातीला वापरली. डिंकात खलून कागदावर लावली, इतकी सुंदर दिसली की दोन दिवस नुसता बघत बसलो. मग एक तुकडा व्हरांड्यात उन्हात टांगला. पावसाळ्याआधीच फिका पडला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. शिवाय चुना लागला की लाल होतो, कुंकू त्यातूनच होतं. घेणाऱ्याच्या भिंतीवर पाच वर्षांनी कोरा कागद उरला तर मी त्याला तोंड कसं दाखवू? म्हणून आता कॅडमियम यलो आणि यलो ऑकर, तेलरंगात. महाग पडतं, पण राहतं.

सांगलीचा भडंग

कुंकवाचं वाचून आमच्या आज्जीची आठवण झाली. पेवात हळद कित्येक वर्षं टिकते म्हणतात, खरं काय?

हळद्या

खरं आहे. इथली माती तशी आहे, आत दमट होत नाही, कीड लागत नाही. पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर आत हवा नाही असं समजायचं. २००५ च्या पुरात खूप पेवांत पाणी गेलं, तेव्हापासून वापर कमी झाला, आता गोदामं आहेत. मी काढतो ती बहुतेक रिकामीच पेवं आहेत.

काळाघोडा

मी मुंबईत एका गॅलरीत नोकरी करते (धाग्यातल्या नाही), माहेर साताऱ्याचं. इथे गॅलरी म्हणजे दलाल असा सूर लागायच्या आत दुसरी बाजू मांडते.

निम्मा वाटा ऐकून राग येतो, समजू शकते. पण तो निम्मा वाटा जातो कुठे? दक्षिण मुंबईतलं भाडं, दिवे, विमा, वाहतूक, कॅटलॉग, उद्घाटनाचा खर्च, वर्षभराचे पगार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एकही चित्र न विकलेले महिने. तिसरा हिस्सा ते निम्मा हा या धंद्यातला रोजचा दर आहे. तुमच्यावर कोणी खास अन्याय करत नाहीये.

गॅलरी नव्हत्या तेव्हा काय होतं तेही बघा. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे एकत्र आले तेव्हा मुंबईत आधुनिक चित्रं विकत घेणारं गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच. लँगहॅमर, फॉन लायडन, श्लेसिंगर अशी युरोपातून आलेली मोजकी माणसं त्यांच्या मागे उभी राहिली. जहांगीर १९५२ मध्ये उघडलं. केमोल्ड हे तर मुळात फ्रेमचं दुकान! केकू गांधी दुकानाच्या काचेत या पोरांची चित्रं लावायचे. पुढे १९६३ मध्ये त्यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली. पंडोलही त्याच वर्षीची. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत (गच्चीवरच्या खोलीत) बसून वर्षाला मोजकीच चित्रं करत राहिले, कोणाच्या दारात गेले नाहीत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती चित्रं लोकांपर्यंत नेणारं कोणीतरी मधे होतंच ना?

म्हणून म्हणते, गॅलरीला नाही म्हणू नका. या कराराला म्हणा.

फ्रेमवाला

हे आवडलं. केमोल्ड म्हणजे आमच्याच धंद्यातले! उद्या दुकानाच्या काचेत मी पण चित्र लावतो. हळद्याभाऊ, एक पाठवा.

माहुलीसंगम

काळाघोडाताई, गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईतल्या लिलावात तेवीस कोटींच्या वर गेलं. ते वारले २००१ मध्ये. त्यातलं त्यांना काय मिळालं? चित्रकार स्वस्तात विकतो, पुढे दहा हातांतून भाव चढत जातो, आणि तो पैसा ज्याने रंग लावला त्याच्या घरी येत नाही. याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

खंड_दुसरा

वकिली करतो, साताऱ्याला. माहुलीसंगम यांचा मुद्दा कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही, म्हणून थोडं सविस्तर.

कॉपीराइट कायद्यात कलम ५३-क आहे. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांच्या वर झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात हा हक्क मागायचा तर चित्र कधी, कोणी, कितीला विकलं हे आधी कळायला हवं. इथे हळद्या यांची वही मोलाची ठरते, आणि घेणाऱ्याचं नाव न सांगण्याची अट त्याच कारणाने खटकते.

दुसरं, चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. कागद किंवा कॅनव्हास घेणाऱ्याचा, त्याची छपाई, कॅलेंडर, पोस्टर काढायचा हक्क चित्रकाराचाच, आयुष्यभर आणि नंतर वारसांकडे साठ वर्षं. एक अपवाद, पैसे देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट सांगून करून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो हक्क काम सांगणाऱ्याचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हवा. लेखात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर संपूर्ण भारत. म्हणून "सर्व हक्कांसह" असे दोन शब्द कुठे सांदीत बसलेत का ते बघा. कलम ५७ खाली चित्रावर स्वतःचं नाव राहण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क आहे. तो चित्र विकल्यावरही तुमचाच.

सही करायची असेल तर एवढं मागा. मक्तेदारी फक्त मुंबईपुरती. घरची आणि सांगली-कोल्हापूरची विक्री मोकळी. न विकलेलं चित्र किती महिन्यांत कोणाच्या खर्चाने परत येणार ते. विक्रीनंतर किती दिवसांत पैसे. आणि घेणाऱ्याचं नाव. हा फुकटचा सल्ला आहे, मूळ कागद स्थानिक वकिलाला दाखवाच.

मिरजेचा तंबोरा

वकीलसाहेब, हा प्रतिसाद छापून घेतला. आमच्याकडे तंबोरे-सतारी करणाऱ्या घरांतही हेच दुखणं आहे. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत सगळं इथे, आणि वाद्यावर दुकानाचं नाव दुसऱ्या शहराचं. माझ्या आजोबांनी केलेला तंबोरा एका मैफलीत मी आवाजावरून ओळखला. गाणाऱ्या बाईंना माहीतच नव्हतं तो कुठला. कार्यक्रम संपल्यावर त्यांना सांगितलं, तर त्यांनी तंबोऱ्याला हात लावून नमस्कार केला. कोणाकडे गेलं हे कळलं पाहिजे, माझंही हेच म्हणणं.

रंकाळा

कोल्हापुरातून. सगळे मुंबईचं बोलताय म्हणून आमच्या अबालाल रहिमानांची आठवण काढतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, नावाजले गेले, आणि मुंबईत न राहता कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी आश्रय दिला. कोटीतीर्थाकाठी राहून आयुष्यभर पाणी, झाडं, ऊन काढत राहिले. १९३१ साली गेले. हजारोंनी काम केलं म्हणतात, त्यातलं आज बघायला मिळतं ते फार थोडं. बाकीचं कुठे गेलं याची कोणाकडे वही नाही!

बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमा काढला, कॅमेरा बनवला, पोस्टरं केली. बाजार त्यांना कधी विटाळ वाटला नाही. दोघेही आमचेच, दोघेही मोठे.

माहुलीसंगम

रंकाळा, आश्रयाचा विषय निघालाच आहे तर औंधचं सांगतो. दरवर्षी पोरांना घेऊन जातो. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उघडलं. खटाव तालुक्यातल्या त्या गावात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. पंत स्वतः चित्रकार होते, त्यामुळे दुसऱ्याचं चित्र घेताना त्यांना हातातल्या कामाची किंमत कळत होती. आणि याच राजाने १९३९ मध्ये स्वतःची सत्ता गावपंचायतींच्या हवाली केली.

गेल्या वेळी आठवीतला एक मुलगा रविवर्म्याच्या चित्रापुढे अर्धा तास उभा होता. साडीची जर कशी काढली असेल ते बघायला अगदी जवळ गेला, तर म्हणाला, "सर, जवळून नुसते पिवळे ठिपके आहेत." मुंबईला न जाता त्याला हे दिसलं. चित्रं फक्त मोठ्या शहरातल्या घरांत जाऊ नयेत असं मला वाटतं ते यासाठी. हळद्याभाऊंची छत्तीसच्या छत्तीस पेवं मुंबईला गेली तर हरिपूरच्या पोराने ती कुठे बघायची?

टर्पेंटाईन

+१. आणि मघाशी मी बाजारावर जास्तच भर दिला, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पॅरिसला १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात कूर्बे या चित्रकाराची काही चित्रं घेतली, पण त्याचं सगळ्यात मोठं 'चित्रकाराची कार्यशाळा' नाकारलं. गड्याने समोरच स्वतःचा मंडप टाकला, चाळीसेक चित्रं लावली, एक फ्रँक तिकीट ठेवलं. गर्दी झाली नाही. पण १८७४ मध्ये मोने, देगा, पिसारो वगैरे तीसजणांनी वर्गणी काढून नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरवलं, तेव्हा वाट पडलेली होती. १८८४ मध्ये तर परीक्षक नाही, बक्षीस नाही अशी चित्रकारांची संस्थाच उभी राहिली. या लोकांना चित्रं विकायचीच होती. भिंत कोणाची आणि तिच्यावर काय टांगायचं, एवढं मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

सांगलीचा भडंग

म्हणजे कूर्बेचा मंडप आणि हळद्याभाऊंचं मंगल कार्यालय एकाच घराण्यातलं! पंगत कधी?

काळाघोडा

भडंग :) पंगतीला मी पण येणार.

माहुलीसंगम सर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडून गेलेलं बरंचसं काम गोदामात गुंडाळून असतं, हे खरं आहे. एका ग्राहकाने चार वर्षांत वेष्टणही काढलं नव्हतं. भाव वाढला तेव्हा तसंच पुढे विकलं. ते चित्र काढणाऱ्या माणसाला मी ओळखत होते. त्याला हे सांगायची मला परवानगी नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले. वर गॅलरीची बाजू मांडली ती मनापासूनच, पण नाव न सांगण्याची अट बदलायला हवी हेही तितक्याच मनापासून.

कऱ्हाडची चित्रकलाताई

ताई, हे लिहिलंत, बरं केलंत.

फ्रेमवाला

मी वर सही करा म्हणालो होतो. आता नक्की सांगता येत नाही. एक मात्र सांगतो, काचेमागे माउंट घालताना साधा पुठ्ठा वापरू देऊ नका, आम्लाने कागद पिवळा पडतो. जलरंगाची चित्रं येतात माझ्याकडे, विशीतच म्हातारी झालेली.

हळद्या

तीन आठवड्यांनी लिहितोय. वकीलसाहेबांनी सांगितलेली यादी घेऊन इथल्या एका वकिलांना भेटलो, मग गॅलरीशी बोललो. माणसं सभ्य आहेत, नीट ऐकून घेतलं. मक्तेदारी मुंबईपुरती करायला तयार झाले. न विकलेली चित्रं वर्षाने त्यांच्या खर्चाने परत, तेही मान्य. पेवांचीच चित्रं हवीत या अटीवर आठवडाभर चर्चा झाली, शेवटी निम्मी पेवांची आणि निम्मी माझ्या मनाची यावर आले. नावं सांगायला मात्र नाही म्हणाले, कारण ग्राहक दुखावतात.

घरी बसून बोललो. मुलगी म्हणाली, "बाबा, वहीत काय लिहिणार मग? मुंबई, एवढंच?" मला उत्तर देता आलं नाही.

करार केला नाही. त्यांना कळवलंय की नाव सांगायची तयारी झाली तर मी आनंदाने येईन, आणि ते मनापासून कळवलंय. फीचं बघू. संध्याकाळचा आणखी एक वर्ग धरलाय. दोन पोर्ट्रेटची कामं आलीत, काढायला आवडतील अशी माणसं आहेत.

आणि माहुलीसंगम सर, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. पेवांची एकवीस चित्रं तयार आहेत. हरिपुरात ओळखीच्या एका व्यापाऱ्यांचं हळदीचं गोदाम हंगाम सुरू होईपर्यंत रिकामं आहे. तिथेच भरवतोय. आत अजून हळदीचा वास आहे, भिंती पिवळ्या आहेत. चित्रांवर किंमत लिहिणार नाही, ज्याला हवं त्याने विचारावं. तारीख ठरली की इथे टाकतो. फ्रेमवाले दादा, काचेतलं चित्र शनिवारी पोचतं करतो.

फ्रेमवाला

काच पुसून ठेवली आहे.

माहुलीसंगम

शाळेची बस मागतो. बावन्न मुलं आहेत, चालतील?

हळद्या

चालतील म्हणजे काय, सर! त्यांना जवळ जाऊन बघू द्या. दोरी वगैरे लावणार नाही.

काळाघोडा

मी आईला घेऊन येणार आहे. तिचे गुडघे दुखतात. गोदामाला पायऱ्या आहेत का हो?

हळद्या

पुढच्या दाराला चार आहेत. मागच्या बाजूने बैलगाडी आत जायची, तिथे उतरण आहे, ते दार उघडं ठेवतो. आत खुर्ची असेल.